साहाय्य : स. आ.

मुखपृष्ठावर नाव दुसऱ्याचं.
आत, किमतीच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात
साहाय्य : स. आ.
तीस वर्षं आम्ही ते वाचलंच नव्हतं.
आम्ही कप्तान ध्रुवकेतूचे दंड बघत होतो.

सगुण आरोलकर जाऊन अकरा वर्षं झाली.
जन्मतारीख कुणाला ठाऊक नाही,
गेल्याच्या तिथीला भाचीकडे श्राद्ध असतं,
म्हणून मधलाच एक रविवार धरला
आणि वेंगुर्ल्याच्या बंद बर्फाच्या कारखान्यात जमलो, नऊ जण.
मी, फ्रीज दुरुस्त करणारा.
बस्त्याव फर्नांडिस, रापणीवरचा.
कुडाळहून दातांच्या डॉक्टर परुळेकरबाई,
पिशवीत अंक बारा, सतरा आणि कव्हर फाटलेला एकतीस.
बाकीचे, खरं सांगायचं तर, आमच्याबरोबर आलेले.

सुतळी बांधली. कपड्यांच्या चिमट्यांनी अंक टांगले.
दारातून एक जण डोकावला, "काय विकतास?"
"काय नाय."
तो घुटमळला. मग चपला काढून आत आला.
दहा झालो.

नायकाकडे बघायचं नाही, हा त्या दिवसाचा नियम.
नियम बाईंचा. पेन्सिलीच्या टोकाने त्या
उडणाऱ्या पायांच्या खालचं दाखवत गेल्या.
शुक्रावरचं शहर म्हणजे आमचा मासळीबाजार,
वर घुमट चढवलेला.
दुष्ट सम्राटाच्या महालाचा जिना बंदरावरचा,
तिसरी पायरी फुटलेली, अजून तशीच आहे.
यानाच्या खिडकीतून पृथ्वी दिसते
आणि पृथ्वीच्या अलीकडे, काही कारण नसताना,
वाळत घातलेलं एक जाळं.

बस्त्याव एका चौकटीपाशी अडला.
ध्रुवकेतू खांबाला बांधलेला, खाली मगरी.
"दुसऱ्या पुस्तकांत दोरी नुसती गुंडाळतत.
ही गाठ बघ. ही सुटाची नाय."
पुढच्या पानावर नायक सुटतो.
बस्त्यावला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

शालन उशिरा आली, बिस्किटांचा डबा घेऊन.
डब्यात गंजलेली तीन निबं,
मनीऑर्डरींचे तुकडे, पानाला सात रुपये.
एकावर मालकांच्या हातचं,
'लाटा कमी काढा. वेळ जातो.'
त्याच्या पुढच्या अंकातल्या लाटा बाईंनी मोजल्या होत्या.
वाढल्या होत्या.

शालन अंकांखालून वाकून वाकून फिरली,
ओल्या धुण्याखालून फिरावं तशी.
"आमका वाटला, मामा होड्यांची नावां रंगयता."

तेही खरंच होतं.
उन्हं कलल्यावर सगळे बंदरावर गेलो.
वाळूत ओढून ठेवलेली एक होडी,
तिचा मालक बाबल केळुसकर पत्र्याने रंग खरवडत होता.
निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पिवळा,
पिवळ्याखाली काळं काहीतरी.
बाईंनी त्याचा हात धरला. चक्क धरला.

धर्मराज.
तो ध आम्ही ओळखत होतो.
अंक सतरा, पान नऊ, पूल कोसळतो तिथला
'धडाम'मधला ध,
पोट फुगलेला, शेंडी वाऱ्यावर.
इतकी वर्षं तो समुद्रात जाऊन येत होता
आणि आम्ही जुन्या रद्दीच्या दुकानांत शोधत होतो.

फोटो काढले. कुणीतरी म्हणालं,
हे असंच ठेवायला हवं, काच लावून.
बाबलने नीट ऐकून घेतलं.
"रंग लावूकच व्हयो. नायतर लाकूड कुसतला."
त्याचं काही चुकत नव्हतं.
होडी परवा पाण्यात जायची होती.

तरी तो थांबला, बिडी संपेपर्यंत, आमच्यासाठी.
शालनने त्या अक्षरावर तळवा ठेवला,
ताप बघतात तसा.
मग बाबलने ब्रश बुडवला.
डबा मी धरला.

पहिल्या हातानंतरही ध दिसत होता.
दुसरा हात उद्या, बाबल म्हणाला.